रसायन आणि जीवशास्त्राचं पटतं का?

...नाही, मला एक सांगा, पंधरा वर्षांच्या पोरीला शाळेनं तीनपैकी दोन विषय निवड म्हणायचं आणि वर म्हणायचं, "एकमेकांना पूरक निवड हं!" म्हणजे काय हो? भौतिक, रसायन, जीव... यातलं कोण कुणाला पूरक, हे मी सातवी शिकलेल्या बाईनं कसं ओळखायचं? आणि चुकलं तर? पोरीला व्हायचंय जनावरांची डॉक्टर. गल्लीतलं मांजर शिंकलं तरी हिचा हात त्याच्या कपाळावर! आणि मुख्याध्यापिका म्हणाल्या, विषय चुकला की ते दारच बंद.

नवऱ्याला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणे, "डोळे मिटून भौतिक घ्या! सगळं जग भौतिकावर चाललंय!" अहो जग चाललंय हो, आपल्या घरातला पंखा कधी चालणार?

आता मी करते शिवणकाम. कापड आणि अस्तर आलं की आधी दोन्ही भिजवून बघते. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आकसतं, वरचं कापड फुगतं आणि गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसतं. दिसायला जोडी झकास, पण दोघांचं पटायला नको? विषय काही बादलीत भिजवता येत नाहीत. म्हटलं, शिकवणारी माणसं तरी बघून येऊ!

गेले शाळेत. प्रयोगशाळेच्या दारातून डोकावते, तर जीवशास्त्राच्या बाई रसायनाच्या सरांकडे पाठ करून उभ्या! दोघांत मिळून फ्रिज एक. बाई खिडकीला सांगतायत, "काही लोकांनी माझ्या शेवाळाच्या बरणीवर आपला डबा ठेवलाय." सर भिंतीला सांगतायत, "काही लोक आमच्याशी बोलणार नव्हते ना? मग आता कोण बोलतंय?" बाई म्हणे, "मी खिडकीशी बोलतेय!" पोरीला हवेत नेमके हेच दोन, आणि हे एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत! दोघांचं पटायला नको? तेवढ्यात भौतिकाचे सर आले. बाईंनी हसून त्यांना चहा दिला. वर बिस्किट! झालं, माझा निकाल लागला. जीव आणि भौतिक!

घरी येऊन सांगितलं, तर पोरीनं कपाळावर हात मारला.

"आई, रसायन नसेल तर औषधं कशी कळणार मला? आजारी गाईला काय बिस्किट देऊ?"

"अगं, पण त्यांचं पटत नाही!"

"कुणाचं?"

"विषयांचं!"

नवरा लगेच आतून, "बघ, शेवटी भौतिक आलंच की नाही!" पोरगी रडली हो... भिंतीकडे तोंड करून बसली, जेवायलाही उठेना. आता तुम्हीच सांगा, आईच्या जिवाचं काय होत असेल?

दुसऱ्या दिवशी शिवण तशीच मशीनवर टाकून परत शाळेत. थेट दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, हात जोडले. "सर, बाई, तुमचं जे काय असेल ते मिटवा हो! माझ्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे! तुमचं पटायला नको?"

दोघं माझ्याकडे बघतायत आ वासून. आणि बाटल्या विसळणाऱ्या मावशी हसून हसून खाली बसल्या. "अहो ताई, नवरा-बायको आहेत ते! एकाच स्कूटरवर भांडत येतात, भांडत जातात. कधी एकटं आलेलं बघितलं नाही बघा कुणी!"

मला मेलीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! सर पहिल्यांदा बाईंकडे वळले, "ऐकलंस? तुझ्या शेवाळापायी एका मुलीचं आयुष्य—" "माझ्या? अन् डबा कुणाचा होता?"

मग काय... घेतलं पोरीनं रसायन आणि जीव. पूरक म्हणजे असं पूरक! आता तास संपला की बाई म्हणतात, "तुझ्या सरांना सांग, दूध आणायचंय." सर म्हणतात, "तुझ्या बाईंना सांग, पाकीट त्यांच्याच पर्समध्ये आहे." निरोप पोचवता पोचवता पोरीचा घाम निघतो. काल दप्तर टाकून मलाच विचारते, "आई, तू आणि बाबा कुठले विषय गं?"

म्हटलं, "आम्ही कसलं विज्ञान, बाई? आम्ही भूगोल. बाबा उत्तर ध्रुव, मी दक्षिण... आणि मध्ये तू, विषुववृत्त. कायमची तापलेली!"