न फिरणारी चकरी

पनवेलच्या आमच्या फोटो क्लबात मी मास्तर म्हणून मिरवायचो, पण माझा खरा मास्तर मला राणीच्या बागेत भेटला, वाघाच्या पिंजऱ्यापाशी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. छत्तीसच्या रोलमधून अडतीस फोटो काढायचे, ही आमच्या क्लबाची शान. त्यासाठी, सुरुवातीची फिल्म वाया जाऊ नये म्हणून, रोल भरताना मी फिल्मचं टोक जेमतेम अडकवायचो. त्या दिवशी वाघाने जांभई दिली, आळस दिला, मी खटाखट तीस फोटो काढले. क्लबातले दहा जण मागे उभे राहून शिकत होते.

तेवढ्यात पिंजऱ्याचे राखणदार नामादादा जवळ आले. मूळचे आमच्या पनवेलजवळच्या गव्हाणचे, सकाळीच ओळख झालेली. कानाशी हळूच म्हणाले, "मास्तर, फोटो पुढं सरकवता तवा वरची चकरी फिरत नाय. फिल्म अडकलीच नाय तुमची."

तोंडचं पाणी पळालं हो! तीसच्या तीस फोटो हवेत.

"बोलू नका. माज्या पाठीमागं उभं राहून भरा." दादा पुटपुटले आणि मोठ्याने ओरडले, "वाघ पानी प्यायला चाललाय, तिकडं बघा!"

सगळे तिकडे वळले. मी टोक नीट गुंडाळलं, झाकण लावलं, दोनदा बटण दाबून फिल्म पुढे सरकवली, चकरी फिरली.

निघताना मी हात जोडले. "दादा, तुम्हाला कॅमेऱ्यातलं कसं कळतं?"

"मला काय कळतंय? मागं एकाची अशीच थांबलेली, रडत परत आलेला. तुमी वाघ बघता, आमी तुमाला बघतो."

त्या रोलवर वाघ झकास आलाय. पण माझ्या भिंतीवर लावलाय तो पहिला फोटो, नामादादांच्या पाठीचा.