पहिले शंभर किलोमीटर

हॅलो? … हां, तेजल, बोल गं. हळू बोलते हं, संतोष आत झोपलाय. रात्रपाळी करून आलाय सकाळी… सांग. पोचले का तुझे अण्णा वणीला?

पोचले ना? … चला, देवी पावली! सकाळपासून जीव नुसता टांगणीला… काही नाही गं, उगीच. चहा दिलास का त्यांना? … मग आता काय करताहेत?

गेले? … कुठं गेले?

गडावर? आत्ताच? वेदिकेला घेऊन? … अगं, पण संध्याकाळी जाणार होते ना सगळे, जावईबापूंच्या पिकअपमधून? … तुझ्या पोरीने हट्ट केला. आणि आजोबा विरघळले. सहा वर्षांची नात नाचवते त्यांना… कुठं बसवलंय तिला? … मोटरसायकलच्या टाकीवर? पुढं?

काय म्हणालीस? … परत सांग. गाडीला काय झालं?

घसरली? … तुझ्या दारात? वळताना? … अगं, हसतेस काय! पडली का पोर? … नक्की नाही ना? … हो, हसणारच ते. 'तीस वर्षं एसटी चालवलीय' असंही म्हणाले असतील. … म्हणाले ना? वाटलंच मला.

तेजल, ऐक. … अगं, ऐक ना आधी! किती वेळ झाला त्यांना निघून? … वीस मिनिटं! फोन लाव त्यांना. आत्ताच्या आत्ता लाव…

काय? … फोन तुझ्याकडेच? चार्जिंगला लावून गेले? … झालं! फोन कॉटवर आणि माणूस घाटाकडं!

नाही, रडत नाहीये… सांगते, सगळं सांगते. तू फक्त ओरडू नकोस. आणि संतोषला यातलं कळू देऊ नकोस.

अण्णांच्या गाडीला नवे टायर टाकलेत. … हो, दोन्ही. काल संतोष गाडी द्वारका चौकातल्या टायरवाल्याकडं घेऊन गेला आणि टाकून आणले. … हो गं, संतोषच! बापाशी आखाजीच्या सणापासून अबोला, पण बापाचे टायर झिजलेले बरोबर दिसतात त्याला. … नाही, अण्णांनी काही विचारलं नाही. सकाळी बोटाने दाबून बघितले, टोपी घातली आणि निघाले.

भांडण तुला ठाऊकच आहे. पाहुण्यांसमोर म्हणाला, 'अण्णा, आता गाडी चालवणं सोडा.' ड्रायव्हरला असं बोलतात का? पाच महिने झाले त्याला. शेजारी शेजारी जेवायला बसतात आणि, 'आई, त्यांना सांग, नळाला पाणी आलंय.' 'अगं, त्याला सांग, गेट लाव.' माझा घास हातातच राहतो…

हो, हो… तेच सांगतेय. टायरवाल्याने संतोषला बजावलं होतं. नवा टायर बुळबुळीत असतो, पहिले शंभर किलोमीटर जपून. वळणावर गाडी कलवायची नाही, ब्रेक करकचून दाबायचा नाही. रात्री कामाला निघताना संतोष मला दोनदा म्हणाला, 'आई, एवढं त्यांना सांग. विसरू नकोस.'

…

नाही सांगितलं.

विसरले नाही गं. विसरले असते तर परवडलं असतं. मुद्दाम नाही सांगितलं. कालच सकाळी देवापुढं हात जोडून ठरवलं होतं, आजपासून याचा निरोप त्याला नाही आणि त्याचा याला नाही. मी काय पोस्टमन आहे? म्हटलं, अडेल तेव्हा बोलतील आपसांत… हो. हो, कळतंय मला. दे शिव्या, पण नंतर दे.

पन्नास किलोमीटर झाले असतील, पण ते सरळ रस्त्याने! संतोष काय सांगत होता, सरळ चालवली की टायरचा मधला पट्टा तेवढा घासला जातो, कडा तशाच कोऱ्या राहतात. गाडी वळणावर कलली की ती कोरी कड टेकते खाली. … म्हणून तर तुझ्या दारात घसरली! आणि घाटात वळणांशिवाय आहे काय दुसरं?

जावईबापू कुठायत? … टोमॅटो घेऊन पिंपळगावला. बरोबर, नेमके आजच… शेजारी कोणाची गाडी? … तीही नाही. देवा…

थांब, थांब. तुझी नणंद! लताबाई! घाटाच्या पायथ्याशी, नांदुरीला प्रसादाचं दुकान आहे ना त्यांचं? … लाव त्यांना… अगं, हा फोन ठेवू नकोस! मी मरेन इथं. अण्णांच्या फोनवरून लाव. नंबर तुझ्यात बघ आणि त्यात दाब… सांग त्यांना, रस्त्यात आडव्या उभ्या राहा म्हणावं. काळी मोटरसायकल, पांढरी टोपी, पुढं पोर… फ्रॉक कसला घातलाय वेदूने? … पिवळा. पिवळा फ्रॉक सांग.

लागला? … वाजतोय? … उचला हो लताबाई, उचला…

काय म्हणतात? … गिऱ्हाईक आहे? अगं, नारळ नंतर विका म्हणावं! … आल्या रस्त्यावर? दिसतंय काही? … बस आहे. बसच्या मागे? … नाही? … जीप… नाही…

गेले तर नसतील ना गं पुढं? … तेजल, बोलत राहा. गप्प नको राहूस… आई सप्तशृंगे, ओटी भरीन तुझी. जन्मभर निरोप पोचवीन दोघांचे, कुरकुरणार नाही. पण तेवढा पिवळा फ्रॉक धड दिसू दे…

कोण? … अरे, संतोष, काही नाही, झोप तू. तेजलचा फोन आहे… रडत नाहीये रे मी…

रडतेय. … संतोष, मी त्यांना सांगितलंच नाही रे. टायरचं. … गडावर निघालेत, वेदूला टाकीवर बसवून… माझ्याकडं असा बघू नकोस बाळा…

काय? तेजल, काय म्हणालीस? … दिसला? … थांबवली! दोघं धड आहेत? पोर रडतेय का? … पेढा खातेय. … बाई गं! थांब, बसते जरा.

अण्णांना दे. … अगं, ते लताबाईंच्या फोनवर आहेत ना? मग तुझे दोन्ही फोन स्पीकरवर टाक आणि एकमेकांना चिकटव… हं.

अहो, ऐकू येतंय का? … अहो, घाट चढू नका. टायर नवे आहेत, घसरतात… मला कुठलं टायरमधलं कळायला! … हो, तीस वर्षं. हो, माहितीये, एकही अपघात नाही… अहो, पन्नास झाले तरी झाले नाहीत, त्या कडा असतात ना…

संतोष, ते म्हणतात, जन्म टायरवर गेला, मला नको शिकवू. … अहो, संतोष म्हणतोय, एसटी वळणावर कलत नाही, मोटरसायकल कलते… संतोष, ते विचारतात, हे सांगितलं कोणी… अहो, संतोष म्हणतोय, की… संतोष, ते म्हणतात, की त्याला म्हणावं…

कसला आवाज येतोय? … अहो, किक मारू नका हो! पाया पडते तुमच्या! पोर आहे पुढं! … संतोष, गाडी सुरू केली त्यांनी. धर. धर हा फोन! माझं नाही ऐकायचे ते. तुझा बाप आहे, तूच बोल!

— हॅलो…

— अण्णा. … मी. … संतोष.

— हो. ऐकतोय… अण्णा, आधी गाडी बंद करा ना. … केली?

— नाही, तसं नाही म्हणत. तुम्हाला येते चालवता, मला माहितीये. टायर कोरे आहेत… हो, मीच टाकले. … रोज कामावरून आलो की बघायचो, पार गुळगुळीत झाले होते. भीती वाटायची मला.

— … वेदूला उतरवलंत? … बरं केलंत.

— हां… नाही, तुम्हीपण उतरा. दुकानात बसा लताताईंच्या. मी येतो. … झाली झोप. … मग तिथून तिघं वर जाऊ. … एसटीने. … हो, एसटीनेच, अण्णा.

— आई? … आहे ना, इथं बसलीय. … तिच्याकडं कशाला देऊ? मलाच सांगा ना.

— …

— हो, अण्णा. … हळूच येतो.