चांगला कान

कानाच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघणाऱ्या एका बाईंच्या लक्षात आलं, की शेजारचे आजोबा मुलीचं बोलणं ऐकताना दर वेळी उजवा कान पुढे करतात. त्यांच्या गुडघ्यांपाशी चेलोची पेटी उभी होती.

"बाबा, मी तुमच्या मागेच व्हायोलिनच्या रांगेत होते. काल सिनेमाच्या रेकॉर्डिंगला हेडफोन तुम्ही चांगल्या कानावर लावलात."

"ठेक्याची टिकटिक त्यातच असते. ती चुकली की सगळ्यांना थांबावं लागतं."

"आणि बाकीचे चाळीस जण कुठल्या कानाने ऐकलेत?"

"तुझ्या आईचं म्हणणं, मला हवं तेवढंच ऐकू येतं."

"विषय बदलू नका."

"सगळे डाव्या कानात खालच्या सुरात घुमत असतात गं. अंदाज येतो."

"म्हणजे अंदाजाने वाजवलंत."

"पण संगीतकार खूश झाला. म्हणाला, सुपरहिरो एकटा पडतो ती जागा इतकी एकाकी कुणी वाजवली नव्हती."

"तुम्हाला बाकीचे ऐकूच येत नव्हते, बाबा."

आजोबा पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"संगीतकाराला सांगितलंस?"

"नाही. वर्षभर तुम्हालाच सांगतेय."

"मग तेवढा तुकडा राहू दे सिनेमात."

"आणि उरलेलं रेकॉर्डिंग?"

"माझ्या शेजारी चेलोवर बसते ती पोर वाजवेल. मी आता थांबतो."