देवळाची काच

नौपाड्यात रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. बापाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली तिकोनी काच होती.

"पप्पा, लहान झाली म्हणून दुकानवाला परत घेईल?"

"कापलेली काच कोण परत घेतो, बाय? दुसरी कापून घेऊ."

"देवळाच्या मागच्या खिडकीचे तिन्ही कोन पुढच्यासारखेच आलेले. म्हणून म्हटलं, दोन्ही एकरूप आहेत, मागचीच मापं द्या."

"मग चुकलं काय?"

"कोन सारखे असले तरी त्रिकोण लहानमोठा असू शकतो. काच बसवायची त्या पुढच्या खिडकीची एक तरी बाजू मोजायला पाहिजे होती."

"असूदे गं."

"क्लासमध्ये नववीच्या पोरांना हेच शिकवते मी. परवाच एकाला यावरून ओरडले. काच बसवताना तीच सगळी पोरं बघत होती."

"त्यांना मी सांगितलंय, मापं मीच घेतलेली."

"तुम्ही?"

"हां. म्हटलं, चष्मा घरी विसरलेलो."

"पप्पा, कोनमापक घेऊन शिडीवर मी चढलेले. खाली शिडी त्या पोरांनीच धरलेली."