सासूबाईंची लाडकी शिष्या

मोम्बासाच्या लिकोनी धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत साउमूच्या पुढे दोघी मैत्रिणी बोलत होत्या. तिचे कान आपसूक तिकडे लागले.

“म्वेंदे, तुमची ती डच भाडेकरू मोठ्यांना करायचा ‘शिकामू’ नमस्कार मांजरीला करते म्हणे?”

“करते. आणि सासूबाई हसतहसत कालवणातला माशाचा मोठा तुकडा तिच्याच ताटात वाढतात.”

“आणि तू बोलताना चुकलीस की?”

“अकरा वर्षं झाली, अजून म्हणतात, किनाऱ्यावरची नाही, वरच्या मुलखातली पोर, स्वाहिली बोलते की खडे चावते.”

“उद्या जातेय ना ती? सुटलीस बाई.”

“काल मला विचारत होती, सासूबाईंना ‘आई, तुमची आठवण येईल’ हे स्वाहिलीत कसं म्हणायचं.”

“मग, शिकवलंस?”

“म्हटलं, असं आपल्यात कुणी म्हणत नाही.”