कोयनेलच्या बंगल्यातल्या वहाणा

ऐका! आन् तू रं, शेकोटीतलं लाकूड हलवू नगंस. आमच्या मामंजींची गोष्ट हाय. सासऱ्याचं नाव काय मी घ्यायची न्हाई, इचारू नगा.

आत्याबाईंना, म्हंजी माझ्या सासूला, हिवताप चढलेला. वैद्य म्हनला, उजाडायच्या आत कोयनेलची साल उकळून पाजा, न्हाईतर बाई हातची जाईल. मामंजी निघालं तसंच, अंधारात, नव्या कोऱ्या वहाणा घालून!

साल कुठं? डोंगरावरच्या ओसाड बंगल्यात! सायबानं कोयनेलच्या झाडांचा मळा लावला, मधोमध बंगला बांधला. पुरुषभर उंच जोतं, चारी अंगांनी व्हरांडा, वर दगडी धुराडं. दारासमोर दार, का तर वारं आरपार जावं आन् पोटमाळ्यावर साल वाळावी. पर समदी साल विलायतेला! घरात मडम तापानं फणफणली, तिला चिमूटभर दिली न्हाई त्यानं. तिथंच मेली बिचारी. मला अजून राग येतो त्या मुडद्याचा!

मामंजी दारात पोचलं आन् काय केलं? वहाणा काढल्या! वटवाघळं लोंबत्यात, तरी घरात वहाणा घालून कसं जायाचं? आपली सवय! पोटमाळ्यावर चढलं, सांदीत अडकून ऱ्हायलेली साल धोतराच्या सोग्यात बांधली, उतरलं. भप्प! हातातला कंदील इझला.

समोर दार. त्यातनं गेलं, फुडं आनखी दार. दारामागं दार, संपंचना! मागनं आवाज, "माझं औषिद?" मामंजी पळालं. मग आत्याबाईंचा आवाज! "अवं धनी, दमला असाल. द्या की ती साल." हात गेला बी सोग्याकडं! पर आत्याबाई जन्मात इतक्या गोड बोलल्या न्हाईत. मामंजींनी वळखलं!

आता दर दाराभाईर वहाणांचा जोड! खरं दार कंचं? एकीत पाय घातला, लोण्यावानी मऊ. नवी वहाण कुठं मऊ असती? खोटी! दुसरी, मऊ. खोटी! गार बोटांनी मागनं सोगा धरला. तिसरीत पाय घातला आन् अंगठ्याला कचकन चावली! "हीच माझी!" मामंजी वरडलं आन् जोत्यावरनं धाडकन खाली उडी!

सोगा फाटला. निम्मी साल त्या मेलेल्या मडमेच्या हातात ऱ्हायली, निम्मी घरी आली. काढा पाजला, आत्याबाईंना घाम सुटला, ताप उतरला. उजाडताच कडू तोंडानं मामंजींना शिव्या घातल्या आन् मामंजी आनंदानं रडलं!

तेवढ्यात गुराखी धावत आला. ओसाड बंगल्याच्या धुराड्यातनं धूर निघतोय! तीबी काढा उकळत व्हती, बाई.

पर मेलेल्याचा ताप उतरतोय व्हय? अजून साल मागती ती. त्या वाटंला जाऊ नगा रं पोरांनो, कदी जाऊ नगा!