एकोणीस एक्क्यांची पैज

"हॅलो?… हॅलो! हो जी, मीच, निर्मला… हळू बोला न, कान फुटते!"

गोंदियात भैय्यालालजींच्या धानगिरणीत जाऊन फोन कानाला लावायची निर्मलाबाईंची ही दुसरीच वेळ. नागपूरला गेलेल्या यजमानांनी, केवलराम गुरुजींनी, ट्रंक कॉल लावला होता. मिनिटं तीन, आणि बातमी तर तासभराची!

"हो, मंडईची जत्रा मस्त झाली काल… तुमचा फळा? लागला न, आपल्या गावच्या, मुर्रीच्या चौकात. खाली तुमची सही: 'या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग घालून दाखवा, माझी सायकल घेऊन जा'… अहो ऐका न… घातला."

"भाग घातला म्हणते मी!… धुरपतानं. आपल्या घरामागची, बिड्या वळते ते… अकरानं."

"ओरडू नका… हो, हो, मलेही पाठ झालं. एकोणीस एक्के ओळीनं लिहिले तर कशानंच भाग जात नाही, विलायती मासिकात आलं. पण फळ्यावर एकोणीस कुठं आहेत? वीस आहेत!… मी दोनदा मोजले."

"काऊन म्हणजे? रंगवले कोणी? उदारामनं. मापारी न तो! जन्मभर धान मापलं. एकोणीस रंगवले न वर एक घातला. म्हणे, गुरुजीचं माप उणं कसं द्यायचं?"

निर्मलाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"नाही जी, हसून नाही राहिली… तिनं का, बिड्या मोजते तशा जोड्या लावल्या. अकरा, अकरा, अकरा… दहा जोड्या. मागं काहीच उरलं नाही."

"रद्द?… पैज रद्द कशी? फळ्यावर 'या संख्येला' लिहिलं न? दुधरामनं पेपरात एक शून्य जास्त लिहिलं, तवा तुमी काय म्हटलं? लिहिलं तेच खरं. नापास केलं बिचाऱ्याले!"

सायकल म्हणजे गुरुजींचा जीव की प्राण. तिच्यावरून फडकं फिरवल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नसे. सायकल गेली तर गेली, पण साऱ्या गावापुढे आपल्या माणसाचा शब्द खोटा पडू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

"दारातच उभी आहे ती. सायकलही आणली मी… तिले चढता येत नाही, माहीत आहे. चढायचं काय काम? बिड्यांची टोपली ठेवीन न ढकलत नेईन म्हणते. रोज कारखान्यापर्यंत डोक्यावरच वाहते न… बोला न जी…"

"काय?… द्यायची?… पुन्हा एकदा बोला… हो! देते, देते."

रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांनी ते तसेच वाहू दिले.

"थांबा, ठेवू नका! तिचा निरोप आहे. अकरानं भागून दहा एक्के आले, मधात एकेक शून्य. त्याच्याही जोड्या लावल्या तिनं. एकशे एक, एकशे एक… गेला भाग! आता पाचच एक्के राहिले, मधात तीन-तीन शून्यं. पाचाच्या जोड्या होत नाहीत, अडली. तर तेच फळ्यावर रंगवून घेतलं न खाली अंगठा दिला: गुरुजींनी भाग घालावा, सायकल परत न्यावी."

"हॅलो?… गेले का?… मग बोलत काऊन नाही?… काय पुटपुटून राहिले?… सातनं नाही जात? बरं… अहो, तीन मिनिटं झाली, ते एक्स्चेंजची बाई विचारून राहिली… वाढवा म्हणता? भाग घालाले?… तेरानंही नाही?… परत कवा येता ते तर सांगा!… हॅलो? हॅलो?"

लाइन कटली. निर्मलाबाईंनी रिसीव्हर ठेवला आणि दाराकडे वळल्या.

"घेऊन जाय, धुरपता. पण नीट ठेवजो… मास्तर तेरापर्यंत पोचले."